उसन्या वेण्या

दिल्लीतील ज्या सरकारी वसाहतीत मी राहतो, तेथील मराठी मंडळी दरवर्षी सार्वजनिक गणेशोत्सव करतात. तीन वर्षांपूर्वीच्या उत्सवात बालगोपाळांच्या कार्यक्रमात आठदहा मुलींनी एका चित्रपटगीतावर नाच बसविला होता. निम्म्या मुलींनी काळ्या लोकरीचे भले थोरले गोल टोप डोक्यावर चढविले होते. उरलेल्यांनी दोरीसारख्या बारीक वेण्यांची गंगावने केसांत अडकविली होती. मुली रंगमंचावर येताच मांडवात हशा पिकला. नाच छान झाला, टाळ्याही भरपूर पडल्या.

पाहुण्यांच्या रांगेत घाना देशातील एक अधिकारी बाई बसल्या होत्या. परदेशी अधिकाऱ्यांना भारतात प्रशिक्षण देण्याची आपल्या सरकारची एक योजना १९६४ पासून चालू आहे. तिच्याखाली त्या आल्या होत्या, आणि त्यांना आग्रहाने बोलावणारा मीच होतो. त्यांनीही टाळ्या वाजविल्या, मोदक आवडीने खाल्ले. निघताना मात्र त्या मला म्हणाल्या, "मुली फार गोड नाचल्या. पण एक सांगा, त्यांचे केस पाहून लोक हसले कशाला?" त्यांच्या स्वतःच्या मस्तकावर तशाच बारीक वेण्या होत्या. मी काहीतरी सारवासारव केली. त्या पुढे सहज म्हणाल्या, "आमच्याकडे शाळेत मुलींना केस अगदी बारीक कापून ठेवावे लागतात. मी वेण्या पहिल्यांदा घातल्या त्या पहिला पगार हाती आल्यावर."

त्या रात्री मला नीटशी झोप आली नाही. सरकारी नोकराला प्रश्नांची उत्तरे देण्याची सवय असते. हा प्रश्न मात्र टिपण लिहून वरच्या टेबलाकडे पाठविता येण्यासारखा नव्हता. पुढे या विषयावर जे वाचले व ध्यानात आले, ते आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहे.

प्रथम केसांविषयीच थोडे. आपल्या साधारण केसाचा आडवा छेद गोलसर असतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसाचा छेद चपटा, लांबट गोल असतो, आणि केस ज्या कूपातून उगवतो तो कूपही वाकडा असतो. त्यामुळे केस उगवतानाच मळसूत्रासारखा वळत जातो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते. मळसूत्री केसावरून ते उतरत नाही. असा केस कोरडा राहतो, विंचरताना तुटतो व गुंतून बसतो. त्याची निगा राखण्याचा उत्तम उपाय म्हणजे तो लहान लहान पेडांत गुंफून ठेवणे. तेव्हा आपल्याला जी निव्वळ हौस वाटते, तिच्या मुळाशी हे साधे व्यवहारज्ञान आहे. डोक्याला चिकटून, नांगरलेल्या शेतातील तासांप्रमाणे ओळींनी घातलेल्या वेण्यांना अमेरिकेत 'कॉर्नरो' म्हणजे मक्याच्या ओळी म्हणतात. वेस्ट इंडीजच्या बेटांवर त्यांनाच 'केनरो' म्हणजे उसाच्या ओळी हे नाव आहे. ज्या शेतांत गुलाम म्हणून राबावे लागले, त्या शेतांचेच नाव या वेण्यांना चिकटले. कला मात्र त्या शेतांहून फार जुनी आहे. नायजेरियातील नोक येथे सापडलेल्या, दोन हजार वर्षांहून अधिक जुन्या मृण्मूर्तींच्या मस्तकांवरही केशरचनेचे मोठे नाजूक काम दिसते.

अटलांटिक महासागरापलीकडे गेल्यावर या केसांचे जे झाले, तो इतिहास मराठी माणसाला अगदीच अनोळखी वाटू नये. केस हे समाजाच्या हातातील चाबूक कसे होतात, हे आपण केशवपनाच्या रूढीत पाहिले आहे. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा निश्चय केला, ही घटना आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात नोंदलेली आहे. लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ मध्ये, तेथील गव्हर्नर मिरो याने आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी केस न मिरविता ते फडक्याने झाकावेत असा हुकूम काढला. या स्त्रियांचे केशसौंदर्य गोऱ्या समाजाच्या डोळ्यांत सलत होते. स्त्रियांनी हुकूम पाळला; पण फडकी अशी रंगीबेरंगी निवडली आणि अशी डौलाने बांधली की, झाकणे हाच शृंगार होऊन बसला!

सगळ्याच हुकुमांना असे हसून उत्तर देता आले नाही. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तरी नोकरी, शाळा व प्रतिष्ठा यांच्या दारावर सरळ केसांची अट अलिखित स्वरूपात टांगलेलीच राहिली. तापविलेली फणी फिरवून, क्षार लावून केस सरळ करणे हा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आयुष्याचा नित्यक्रम झाला. याची किंमत शरीरालाही मोजावी लागते, असे आता दिसू लागले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील संशोधकांनी ३३ हजारांवर स्त्रियांचा पाठपुरावा करून २०२२ मध्ये असे प्रसिद्ध केले की, केस सरळ करण्याची रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण ती कधीच न वापरणाऱ्यांच्या मानाने दुपटीहून अधिक आढळते. कार्यकारणाचा अंतिम निर्णय यातून होत नाही, हे खरे. पण कचेरीत 'नीटनेटके' दिसण्यासाठी असा धोका पत्करावा लागणे, हा 'नीटनेटके' या शब्दाचा केवढा जुलूम!

आता मी ज्या खटल्याकडे येतो आहे, तो या सर्व विषयाची किल्ली आहे असे मला वाटते. १९७९ मध्ये 'टेन' नावाचा एक अमेरिकन चित्रपट आला. त्यातील बो डेरेक या गौरवर्णीय नटीने केसांच्या मणी ओवलेल्या बारीक वेण्या घातल्या होत्या. चित्रपट गाजला, आणि त्या वेण्यांची लाट आली. याच सुमारास अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीत अकरा वर्षे नोकरी केलेली एक कृष्णवर्णीय स्त्री तशा वेण्या घालून कामावर गेली. कंपनीच्या नियमांत ते बसत नव्हते. ती न्यायालयात गेली. या वेण्या माझ्या पूर्वजांच्या, माझ्या समाजाच्या आहेत, हे तिचे म्हणणे. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. केस उपजत असतील, पण वेणी बदलता येते, असे न्यायालयाने म्हटले; आणि शिवाय असे नमूद केले की, एका गोऱ्या नटीने चित्रपटात ही रचना लोकप्रिय केल्यानंतर थोड्याच दिवसांत वादी तशा वेण्या घालून प्रथम कामावर आली होती. कंपनीने सुचविलेला तोडगा तर ऐकण्यासारखा आहे. कामाच्या वेळी बाईंनी केसांचा अंबाडा बांधावा आणि वेण्या दिसू नयेत म्हणून त्यावर गंगावन गुंडाळावे! त्याने डोके दुखते अशी तक्रार तिने केली, तेव्हा मोठ्या आकाराचे गंगावन वापरता येईल असे न्यायालयाला वाटले.

उसनवारीने काय बिघडते, असे विचारणाऱ्याला मी हा खटला सांगतो. नटीने वेण्या घातल्या तेव्हा तिची कीर्ती वाढली. त्याच वेण्या ज्या समाजाच्या होत्या, त्या समाजातील स्त्रीने घातल्या तेव्हा तिची नोकरी पणाला लागली. आणि त्याहून विपरीत असे की, नटीने त्या आधी मिरविल्या ही गोष्टच तिच्याविरुद्ध कागदावर आली. मूळ मालकिणीवरच नक्कल केल्याचा संशय! इंग्रजीत आज ज्याला 'कल्चरल अॅप्रोप्रिएशन' म्हणतात, त्याला सांस्कृतिक अपहार असे म्हणता येईल. शब्द जड आहे व कधी कधी तो उथळपणे वापरलाही जातो. पण तो ज्या वस्तुस्थितीतून निघाला ती ही आहे. कॅलिफोर्निया राज्याने अशा भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला तो २०१९ साली, म्हणजे त्या निकालानंतर अडतीस वर्षांनी. तशा प्रकारचे कायदे आता तेथील वीसहून अधिक राज्यांत आहेत.

यात आपला, म्हणजे भारतीय उपखंडातून आलेल्या कलावंतांचा, संबंध कोठे येतो? तो येतो, आणि एकाच रीतीने येत नाही.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात हँड्सवर्थ नावाचा भाग आहे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर तेथे एका घरात जमैकाहून आलेले कुटुंब, तर शेजारच्या घरात पंजाबातून आलेले, अशी वस्ती झाली. गोऱ्या घरमालकांची बंद दारे दोघांनीही पाहिली होती. 'स्टील पल्स' हा रेगे संगीताचा नामांकित वाद्यवृंद याच भागातला. तेथेच १९६७ मध्ये जन्मलेला स्टीव्हन कपूर हा पंजाबी तरुण कृष्णवर्णीय मित्रांच्या ध्वनिक्षेपकांभोवती वाढला, त्याने जटाही वाढविल्या, आणि पुढे त्या उतरवून 'अपाचे इंडियन' या नावाने तो जगाला माहीत झाला. १९९० ते १९९३ या काळातील त्याच्या गाण्यांत जमैकाची बोली व पंजाबी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालतात. त्याच्या त्या जटांना मी अपहार म्हणणार नाही. ज्या गल्लीत तो वाढला, त्या गल्लीची ती खूण होती.

याच परिसरात आपल्या केसांचाही न्यायनिवाडा झालेला आहे, हे आपण विसरता कामा नये. बर्मिंगहॅमजवळच्या वुल्व्हरहॅम्प्टन येथे बस चालविणाऱ्या शिखांना दाढी व पगडी ठेवता यावी म्हणून दोन वर्षे झगडावे लागले. बंदी उठली ती १९६९ च्या एप्रिलमध्ये. पुढे बर्मिंगहॅममधील एका शाळेने, केस कापून पगडी उतरविल्याखेरीज प्रवेश नाही, असे एका शीख मुलाला सांगितले. ते प्रकरण उमरावांच्या सभागृहापर्यंत गेले, आणि शीख हा वांशिक समाज म्हणून कायद्याच्या संरक्षणास पात्र आहे असा निर्णय १९८३ मध्ये मिळाला. त्याच देशात २००९ मध्ये एका कृष्णवर्णीय मुलाला कॉर्नरो वेण्यांमुळे शाळेने पहिल्याच दिवशी परत पाठविले, आणि अशी सरसकट बंदी हा अप्रत्यक्ष वंशभेद ठरू शकतो असे उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरविले. पगडीचे दुःख व वेणीचे दुःख ही सख्खी भावंडे आहेत. म्हणूनच आपल्यापैकी कोणी कलावंत त्या वेण्या शोभेपुरत्या उचलतो, तेव्हा अधिक लागते.

शेजारात वाढले म्हणजे सगळे माफ होते असेही नाही. कॅनडातील टोरोंटो शहराच्या स्कारबरो भागात कॅरिबियन वस्ती मोठी आहे. तेथे वाढलेली लिली सिंग ही पंजाबी घरातील विनोदी कलावती २०१० पासून चित्रफितींतून लोकप्रिय झाली, आणि २०१९ ते २०२१ या काळात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची सूत्रधार होण्यापर्यंत पोहोचली. तिच्या बारीक वेण्यांवर आणि कॅरिबियन धाटणीच्या बोलण्यावर कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी टीका केली. टीकेचा आशय असा की, आमचे केस आणि आमची बोली तुला चालती-बोलती झाक देऊन जातात. पण त्या केसांपायी आणि त्या बोलीपायी आम्हाला जे सोसावे लागते, ते तुझ्या वाट्याला येत नाही. कोणाच्या मनात काय होते याचा निवाडा आपण येथून करू नये. टीका मात्र मला रास्त वाटते. घरची बोली बोलली म्हणून ज्याला कोणी हसले आहे, त्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या हिंदी चित्रपटांची गोष्ट याहूनही दूरची आहे. तेथे शेजार नाही, मैत्री नाही. पडद्यावर पाहिलेले पडद्यावर ठेवणे एवढाच व्यवहार. पाश्चात्य धर्तीचे गाणे आले की वेण्या, जटा व लोकरीचे टोप निघतात. वेणी हवी, ठेका हवा, ऐट हवी; रंग मात्र नको. २०२० साली 'खाली पीली' या चित्रपटातील एका गाण्यात, आपल्या गोऱ्या नायिकेला पाहून बियॉन्से लाजेल असा भाव होता. बियॉन्से ही जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिका. लोक चिडले आणि तिचे नाव गाळून तेथे 'दुनिया' हा शब्द घालण्यात आला. त्याच वर्षी, १९७५ पासून गोरेपणाचे वचन नावातच वागविणाऱ्या मलमाचे नावही बदलले गेले. नावे बदलणे सोपे, एवढेच यावरून दिसते.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की, सगळी संस्कृती देवाणघेवाणीनेच घडते. बाजाची पेटी युरोपातून आली. तिच्याविना आपले नाट्यसंगीत कल्पिता येत नाही. (ती परकी म्हणून याच आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दाराबाहेर उभे केले होते, हेही सांगून टाकावे.) पण हार्मोनियम वाजविली म्हणून पॅरिसमध्ये कोणाची नोकरी गेली नव्हती. घेणारा आणि देणारा यांच्या डोक्यावर एकच गोष्ट सारख्याच सुखाने नांदत असेल, तर ती देवाणघेवाण. एकाच्या डोक्यावर अलंकार आणि दुसऱ्याच्या डोक्यावर अपराध ठरत असेल, तर तिला दुसरे नाव शोधावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक आवेशाने घेतला जातो. जटा तर शंकराच्या, आमच्या साधूंच्या. त्या आम्ही कोणाकडून उसन्या घ्यावयाच्या? यातील इतिहास मोठा रंजक आहे. १८४५ पासून सुमारे ३६ हजार भारतीय मजूर करारावर जमैकात नेले गेले. 'गांजा' हा शब्द त्यांच्याबरोबरच तेथे पोहोचला. तेथील रास्ताफारी पंथाच्या आद्य प्रवर्तकांपैकी लेनर्ड हॉवेल याने आपले पुस्तक 'मराघ' या टोपणनावाने काढले. हे 'महाराज'चे रूप मानले जाते. पंथाच्या जटांचे मूळ काही अभ्यासक भारतीय साधूंत शोधतात, तर काही केनियातील माऊ माऊ लढवय्यांच्या छायाचित्रांत. तेव्हा आपला हात तेथे लागला असेलही. पण मुंबईच्या केशकर्तनालयात तास दोन तास बसून जटा वळवून घेणारा नट शंकराचे ध्यान करीत नसतो. त्याच्यापुढे बॉब मार्लेचे चित्र असते. आणि आपल्याकडे जटांचा केवळ गौरवच झाला असेही नाही. केसांत जट झाली म्हणजे देवीचे बोलावणे आले, असे समजून महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात कितीतरी मुली यल्लमाला सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही घरोघर समजूत घालून बायकांच्या जटा सोडवितात. त्या बायका जट मिरवीत नव्हत्या, ती वाहत होत्या.

या व्यवहाराची एक उलटी बाजू आहे, आणि तिच्याविषयी आपण बोलत नाही. 'गंगावन' हा आपल्या आज्यांच्या तोंडचा शब्द. विरळ वेणीला जोड म्हणून लावलेले परके केस. जगातील गंगावनांचा मोठा पुरवठा आज भारतातून होतो. तिरुमलेच्या डोंगरावर भाविक मुंडन करून केस देवाला अर्पण करतात. देवस्थान त्यांचा लिलाव करते आणि त्यातून कोट्यवधी रुपये येतात. ते केस निवडून, धुऊन, जुळवून अमेरिकेस व आफ्रिकेस जातात, आणि ज्या स्त्रियांना त्यांचे स्वतःचे केस 'चांगले' नाहीत असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्या भारी किंमत मोजून ते विकत घेतात. क्रिस रॉक या कृष्णवर्णीय विनोदी नटाने २००९ साली याच प्रश्नावर अनुबोधपट काढला आणि त्यासाठी तो भारतात येऊन ही मुंडने पाहून गेला. चित्रपटाला निमित्त त्याच्या लहान मुलीने दिले. माझे केस चांगले का नाहीत, असे तिने बापाला विचारले होते. आपले सरळ केस त्यांच्या मस्तकावर जातात ते हजारो रुपये घेऊन. त्यांच्या वेण्या आपल्या नटांच्या मस्तकावर येतात त्या फुकट.

आणि ते स्वतः आपल्याकडे येतात तेव्हा? २०१६ च्या जानेवारीअखेरीस बंगळुरात टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना झोडपण्यात आले. दिल्लीत भाड्याची खोली मिळविताना आफ्रिकी विद्यार्थ्याला काय ऐकावे लागते, ते मी दोन-तीन जणांकडून प्रत्यक्ष ऐकले आहे. ते येथे सांगण्यासारखे नाही. दूर कशाला, कोकणातील जंजिऱ्याचा, खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरचा इतिहास आपण अभिमानाने शिकतो. पण राठ, मळसूत्री केसांना 'झिपऱ्या' म्हणून हिणविताना कर्नाटकाच्या रानात राहणारे सिद्दी हे आपलेच देशबांधव आहेत, याचे भान आपल्याला राहत नाही.

घानातील त्या बाईंच्या शाळेच्या गोष्टीलाही एक पुरवणी आहे. २०२१ मध्ये आक्रा शहरातील आचिमोटा या नामांकित शाळेने दोन रास्ताफारी मुलांना जटांमुळे प्रवेश नाकारला. मुले न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात जिंकली. ही शाळा इंग्रजांच्या अमदानीतील, १९२७ साली सुरू झालेली. राज्यकर्ते गेले, तरी त्यांची कात्री मागे राहते. आपल्या कचेऱ्यांतही ती कोठे कोठे आहे, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय होईल.

आमच्या मंडळाचे लोकरीचे टोप अजून सामानाच्या पेटीत आहेत. गेल्या वर्षी बालगोपाळांच्या कार्यक्रमाची यादी माझ्याकडे आली, तेव्हा तोच नाच पुन्हा त्यात होता. मी मुलींना घरी बोलाविले आणि कोणताही उपदेश न करता त्या बाईंचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, त्यांना सांगितला. मुली थोडा वेळ गप्प बसल्या. मग एक म्हणाली, "टोप नको काका, पण खऱ्या वेण्या घातल्या तर? हसण्यासाठी नाही, चांगल्या दिसतात म्हणून." मला चटकन उत्तर सुचले नाही. मी म्हटले, त्या कशा घालतात ते आधी एखाद्या घालणारीलाच विचारून ये. वसाहतीमागच्या रस्त्यावर नायजेरियाच्या एक बाई वेण्या घालून देण्याचे काम करतात. मुलगी आईला घेऊन त्यांच्याकडे गेली, दीड तास तेथे बसली, चहा पिऊन परत आली. वेणी घातलीच नव्हती. पूर्ण डोक्याला सहा तास लागतात म्हणे, आणि पहिले दोन दिवस डोके ठणकते. नाच त्या वर्षी साध्या वेण्यांवरच झाला. त्या बाई तो पाहायला आल्या होत्या. त्यांच्या धाकट्या मुलाने आरतीच्या वेळी झांजा सोडल्याच नाहीत.